राजहंसांचा मोती

एका राज्यात गोष्टींचे मोती होत. सांगणारीने शेवटचा शब्द उच्चारला, की मायाधर नावाचा जादूगार तो शिंपल्यात झेली आणि मेघवर्धन राजाच्या हाती मोती ठेवी. राजाला मोती प्रिय होते. त्यात कुणाचे काय जाते, हे त्याने विचारले नव्हते.

दरबारची कथेकरीण केतकी. तिची लेक जुई, अजून पाळण्यातली. केतकीला गोष्टी सुचत नसत, दिसत. दिसलेल्या माणसाला ती शब्दांचा जरीचा शेला पांघरी आणि दरबारात उभे करी. एके दिवशी काहीच दिसेना, म्हणून तिने जुईचे पहिले हसू सांगितले. अंगणात राजहंस उतरले आणि बाळ हसले, असे सांगितले. दरबार गहिवरला. मोती टपोरा झाला.

घरी येऊन पाहते तो जुई हसेना. खुळखुळा वाजवला, गुदगुल्या केल्या. बाळ नुसते पाही, परक्या घरी आल्यासारखे.

खिडकीत धनेश पक्षी बसला होता. तो म्हणाला, "हसू मोत्यात गेले, बाई."

"मग परत कसे आणू?"

"तीन मोती ज्यांचे त्यांना दे. मोती ज्याचा, त्याच्या हातावर ठेव आणि जे घडले तेच सांग. शेला काढून. मोती विरघळेल. लेकीचा शेवटी. आधी सराव लागेल तुला."

केतकीने राजाचे पाय धरले. राजा म्हणाला, "दोन घेऊन जा. तिसरा माझा लाडका. तो माझ्यासमोर विरघळव."

पहिला मोती मिठागरातल्या भिवराचा. केतकीने तिचे भांडण सांगितले होते, शेवटी बायको नवऱ्याच्या पाया पडते असे.

"या, बाईसाहेब!" भिवरा म्हणाली. "माझ्या भांडणावर राजवाडा हसला म्हणे. मला मात्र आता भांडताच येईना. नवरा काहीही बोलला तरी तोंडातून 'बरं' निघतं. घर कसं सुतक पडल्यासारखं झालंय."

केतकीने मोती तिच्या हातावर ठेवला. "तू पाया पडली नव्हतीस. मिठाची रास भिजली ती त्याच्या आळसाने. त्यानेच कान धरले होते."

मोती विरघळला. भिवराने पदर खोचला आणि आत वळून ओरडली, "अहो, उठा! ऊन डोक्यावर आलं!"

आतून नवरा म्हणाला, "आली रे बाबा माझी बायको परत!"

दुसरा मोती रणोजी शिपायाचा. त्याला केतकीने खिंडीतला वीर केले होते.

"लोक मुजरा करतात, पोरी," म्हातारा म्हणाला. "पण मी रोज कुणासाठी तरी रडायचो. कुणासाठी, तेच आठवत नाही."

केतकीने मोती त्याच्या हातावर ठेवला. "तुम्ही झाडाच्या ढोलीत लपला होतात, बाबा. तुमचा मित्र येसाजी हाका मारीत होता. तुम्ही ओ दिली नाही."

मोत्याचे पाणी म्हाताऱ्याच्या बोटांतून गळाले. तो बराच वेळ रडला. मग म्हणाला, "येसाजी. हां. येसाजीच."

तिसऱ्या मोत्यासाठी दरबार भरला. जुईला मांडीवर घेऊन केतकीने मोती तिच्या इवल्या मुठीत ठेवला.

"अंगणात राजहंस..." ती बोलली, आणि मोती आणखी टणक झाला.

"तुळशीपाशी ऊन पडले होते..." मोती तसाच.

केतकी घाबरली. राजहंस तिने इतक्यांदा मनात घोळवले होते, की त्यांच्या पंखांचा वारासुद्धा तिला आठवत होता. खरे काय ते सापडेना. की सापडायलाच नको होते?

राजा म्हणाला, "कथेकरणी, आम्ही थांबलो आहोत."

तेव्हा ती दरबाराकडे न पाहता बोलली. "सकाळ होती. तू रडत होतीस. मला संध्याकाळची गोष्ट जुळवायची होती. मी तुला चटईवर आदळल्यासारखं ठेवलं. 'गप्प बस, कार्टे' म्हणाले. मग मलाच रडू फुटलं. नाक गळत होतं, केस सुटले होते. आई व्हायला निघाले आणि हे असं. तू गप्प झालीस. माझं ते तोंड बघितलंस..."

पुढे तिला बोलवेना. डोळे वाहू लागले, नाकही. जुईने मान वर केली, आईचे तोंड न्याहाळले आणि खदखदून हसली. मूठ उघडली. आत नुसता ओलावा होता.

मायाधराचे सारे शिंपले त्याच क्षणी मिटले. ते पुन्हा उघडले नाहीत.

राजा सिंहासनावरून उतरला. "आणि उरलेले मोती?"

"ज्यांचे त्यांचे, महाराज. मी बरोबर येते."

राजाने मोत्यांची थैली स्वतःच्या खांद्यावर घेतली.

तेव्हापासून त्या राज्यात कुणाची गोष्ट सांगायची तर आधी त्याच्या दारी जाऊन विचारतात. काही दारे 'सांगा' म्हणतात, काही 'नको' म्हणतात. 'नको' आलेल्या संध्याकाळी दरबारात कुणी काही सांगत नाही, आणि राजा तेही ऐकून घेतो.