मूठभर काळी ज्वारी

घोणसगडाच्या पायथ्याला, पडक्या कचेरीसमोर एक पेव आहे. धान्य साठवायला जमिनीत खणलेलं, दोन पुरुष खोल. त्याला झाकण नाही. पाहुणे विचारतात, झाकण कुठं गेलं? गावातले म्हातारे ही गोष्ट गोड करून सांगतात. ऐकायची तर खरी ऐका.

म्हणे, दोन वर्षं दुष्काळ होता. उपाशी शिपायांनी भाले टाकले आणि राजा मागच्या दिंडी-दरवाजानं पळाला. लोकांनी गुलाल उधळला. पाच पांढऱ्या मिशा कचेरीच्या ओट्यावर बसल्या. म्हणाल्या, "नवी व्यवस्था होईपर्यंत आम्ही तात्पुरते." रिकामी गादी मात्र रोज झटकून ठेवायच्या.

पेव ज्वारीनं भरलेलं. तोंडावर शिळा, शिळेवर राजाचा लाखेचा शिक्का.

चंद्रव्वा वडारीण रोज ओट्यापुढं उभी राही. तिची लेक पाल्यावर जगत होती. पायांच्या काटक्या झालेल्या.

"शिक्का फोडायचा हक्क राजाचा, बाई," थोरले आबाजी म्हणत. "आम्ही हंगामी."

"मग राजाला बोलवा."

"तो पळाला की!"

"मग आबा, तुम्ही इथं करता काय?"

"गादी सांभाळतो."

राजा गेला होता, त्याची भीती ओट्यावर बसली होती.

असे चार महिने गेले. एक वळीव तेवढा पडला आणि शिळेच्या फटीतून पेवात झिरपला. पेवाजवळ चंद्रव्वाला कुजका वास आला. ती घरी गेली, घण घेऊन आली. भर दुपारी, सगळ्यांदेखत.

"कुणाच्या हुकमानं?" आबाजी ओरडले.

"माझ्या. आणि मी तात्पुरती नाही. मला उद्याही इथंच राहायचंय."

शिळा दुभंगली. आत कोंडलेली हवा जीवघेणी आहे का पाहायला तिनं पेवात दिवा सोडला, तो विझला. थांबून पुन्हा सोडला, पुन्हा विझला. तिसऱ्यांदा टिकला, तशी ती उतरली. निम्मी ज्वारी काळी पडली होती. उरलेली घरोघर गेली. लेकीनं त्या दिवशी आंबूस वासाची भाकरी खाल्ली आणि दुसरी मागितली.

काळी ज्वारी लोकांनी ओट्यावर ओतली. पाचांना कुणी मारलं नाही, हाकललंही नाही. फक्त ओट्यापुढं पुन्हा कुणी आलं नाही. आठव्या दिवशी ते आपणच उतरले, असं सांगतात.

आजही पेव उघडंच आहे. आजही गावचा कारभार पाहायला निवडून आलेल्याच्या हातात काळी पडलेली मूठभर ज्वारी देतात. पहिला निर्णय तोंडानं सांगेपर्यंत मूठ उघडायची नाही. गेल्या खेपेला एकानं सुरुवात केली, "तूर्त आपण..." आणि मूठ सैल सोडली. तशा मागच्या बाया ओरडल्या, "मूठ! मूठ मिट!"