राजाच्या गालावरचं हरीण

एक होता मेस्त्री. हो, मेस्त्री! राजा येतोय मागाहून, घाई करू नका. दर वेळी राजानंच का पहिलं यायचं? गोष्ट माझी आहे, मी ठरवणार. दिन्या, पाय पांघरुणात घे. आणि कुंदे, त्याला चिमटे काढू नकोस, मला सगळं दिसतं.

तर मेस्त्रीचं नाव होतं धाकू. लाकडावर नक्षी कोरायचा. पाळणे कोरायचा, देव्हारे कोरायचा. पण त्याचं खरं नाव झालं होतं ते बंदुकीच्या दस्त्यांमुळे. दस्ता म्हणजे काय, ठाऊक आहे का? बंदुकीची पुढची नळी लोखंडाची असते, आणि मागचा लाकडी भाग खांद्याला लावतात, तो दस्ता. धाकू चांगलं जुनं शिसवी लाकूड घ्यायचा, पटाशीनं त्यावर वेली काढायचा, मोर काढायचा, वाघ काढायचा. मग जवसाचं तेल घेऊन चोळत बसायचा. इतकं चोळायचा की त्यात बघून भांग पाडून घ्यावा.

धाकूच्या घराण्याचे दोन नियम होते, बरं का. नीट ऐका, पुढे लागणार आहेत. बंदूक खांद्याला लावली की दस्त्याची एक बाजू गालाला टेकते. त्या बाजूला कधी काही कोरायचं नाही, नक्षी गालात रुतते. गालाची बाजू गुळगुळीत ठेवायची आणि नक्षी बाहेरच्या बाजूला काढायची. हा झाला एक नियम.

दुसरा असा, की जनावर कोरलं तर सगळं कोरायचं, पण डोळा सोडून द्यायचा. डोळा ज्याची बंदूक त्यानं उघडायचा, स्वतःच्या हातानं. गणपतीचे डोळे नाही का आपल्याकडे सगळ्यात शेवटी काढत? तसंच. डोळा उघडला की लाकडातल्या जनावराला जीव येतो, असं धाकूचा आजा सांगायचा. धाकूनं काही तसा जीव आलेला बघितला नव्हता. पण आजा सांगायचा म्हणून तो पाळायचा.

धाकूला एकुलती एक लेक होती, शेवंती. लहानपणी डूल अडकून तिची डाव्या कानाची पाळी फाटली होती, तेवढी खूण. बाकी पोरगी गुणी. बापाची हाक आली की हातातलं टाकून धावत यायची. तुमच्यासारखी नाही, दहा वेळा "आले, आले" म्हणणारी!

एकदा काय झालं, धाकूच्या पटाशीची मूठ तुटली. शेवंती आईबरोबर पाण्याला निघाली होती. वाटेत देवराई लागते. देवराईतलं काही तोडायचं नसतं, वाळकी काटकीसुद्धा नाही. सगळ्या गावाला ठाऊक, शेवंतीलाही ठाऊक. पण तिला एक फांदी दिसली, सरळ, मुठीच्या मापाची. तिला वाटलं, बाबांना किती छान होईल! आई, भागू तिचं नाव, ती "अगं नको, अगं नको" म्हणेपर्यंत हिनं कट्‌कन मोडलीसुद्धा.

मग झाडामागून एक म्हातारी आली. माझ्यासारखी नाही हं, फार म्हातारी. ती रानाची राखण करणारी होती. "देवाच्या रानाला हात लावलास? मग आता रानातच राहा," असं म्हणाली, आणि शेवंतीचं झालं हरीण! अंगावर ठिपके, कपाळावर कुंकवाएवढा पांढरा टिळा, आणि डाव्या कानाला तीच चीर.

भागूनं तर हंबरडाच फोडला. म्हातारीचे पाय धरले. म्हातारीला दया आली, पण बोललेलं परत घेता येत नव्हतं. ती म्हणाली, "हिच्यावर कुणीतरी बंदूक रोखील, आणि कुणी न सांगता आपणहून खाली ठेवील. त्या दिवशी मिळेल तुझी लेक."

आता बोला! रोखलेली बंदूक कोण खाली ठेवतो?

मग रोज सकाळी ते हरीण मेस्त्रीच्या परसात यायचं. धाकूच्या गुडघ्यावर हनुवटी टेकून उभं राहायचं. धाकू त्याला चुलीवरची भाकरी भरवायचा आणि डोळे पुसायचा. असं वर्ष गेलं.

आणि आता आला तुमचा राजा. नाव? नाव नाही आठवत मला. राजा होता एवढं पुरे. शिकारीचा भारी नाद. त्याला कुणीतरी सांगितलं, महाराज, रानात एक हरीण आहे, कपाळावर पांढरा टिळा असलेलं, माणसाला बघून पळत नाही. झालं! राजानं हट्टच धरला, दसऱ्याला तेच हरीण मारायचं, आणि तेसुद्धा नव्या बंदुकीनं. नळी आणवली लांबून, आणि दस्त्यासाठी बोलावणं धाडलं धाकूला.

"मेस्त्री, दस्त्यावर तेच हरीण कोर," राजा म्हणाला. "टिळ्यासकट."

धाकूनं ओळखलं, ही तर आपली शेवंतीच! पण राजाला नाही कोण म्हणणार? आणि माझी लेक आहे म्हणून सांगावं, तर हसून वाड्याबाहेर काढला असता. तो नळी घेऊन मुकाट्यानं घरी आला.

भागू म्हणाली, "रडता काय? दस्ता वाकडा करा. नेम चुकेल."

धाकूला पटलं. त्यानं लाकूड घेतलं आणि वाकडं तासायला बसला. तासून झाल्यावर बघतो तर काय, दस्ता सरळ! हातांना सवयच नव्हती वाकड्याची. डोकं एक सांगत होतं, हात भलतंच करत होते.

मग भागू म्हणाली, "बरं, तडा गेलेलं लाकूड घ्या. तड्यात मेण भरा. बार उडाला की दस्ता फुटेल." धाकूनं तडा गेलेलं लाकूड आणलं, मेण भरलं. वरून काही दिसत नव्हतं. पण त्याला जेवण जाईना. फुटलेला दस्ता कुणाच्याही डोळ्यात जाईल, म्हणून चार घास टाकून उठला, ते लाकूड चुलीत घातलं आणि नवं काढलं.

मग भागू म्हणाली, "निदान नळी तरी ढिली बसवा हो!" धाकूनं ढिली बसवली. कोपऱ्यात ठेवली. पाणी प्यायला उठला, येताना हात लागला, नळी हलली. हलली तशी त्यानं पाचर मारून घट्ट केली! मारून झाल्यावर कळलं की आपण काय केलं.

भागूनं कपाळाला हात लावला. "काय माणूस आहात! पोरीसाठी एक काम बिघडवता येत नाही?"

"नाही येत गं," धाकू म्हणाला, आणि लहान पोरासारखा रडला. हसायचं काय त्यात, दिन्या? बाप्ये रडतात. तूही रडतोस आंघोळीच्या वेळी.

मग धाकूनं एकच केलं. हरीण असं कोरलं, असं कोरलं, की त्याची शेवंतीच. मान वळवून बघण्याची तीच तऱ्हा, कानाची चीर तीच. मारायचंच असेल तर कुणाला मारतोय ते राजाला दिसू दे, असं त्याच्या मनात. नक्षी रीतीप्रमाणे उजव्या बाजूला, म्हणजे बाहेरच्या बाजूला काढली. डोळा ठेवला कोरा.

दरबारात राजानं दस्ता बघितला आणि खूश झाला. धाकूनं पटाशी पुढे केली. "महाराज, डोळा आपण उघडायचा." राजानं उजव्या हातात पटाशी घेतली. हात जरा अडखळला. धाकूला वाटलं, एवढा मोठा शिकारी, आणि पटाशी धरायला अशी का अवघड जाते? टक्‌ टक्‌, दोन ठोके, आणि हरणाचा डोळा उघडला.

दसरा आला. नव्या बंदुकीचा पहिला बार उडेपर्यंत मेस्त्रीनं जवळ थांबायचं, अशी पद्धत. लाकूड कसं वागतं ते बघायला. त्यामुळे धाकूला राजाबरोबर रानात जावं लागलं. ओढ्याच्या काठी राजा, शिपाई, सगळे दबा धरून बसले. आणि आलं हो, तेच हरीण आलं! धाकूला बघून आणखी पुढे आलं.

तुम्ही म्हणाल, ओरडून पळवून का नाही लावलं? अरे, ओरडणार कसा? बापाचा आवाज ऐकला की ती धावत जवळ यायची, विसरलात का? हाक मारली असती तर सरळ बंदुकीपुढेच आली असती. बायका पदर कोंबतात तसा धाकूनं पंचा तोंडात कोंबला.

राजानं बंदूक उचलली. आणि लावली कुठे? डाव्या खांद्याला!

राजा डावरा होता! हो कुंदे, तुझ्यासारखा. लहानपणी त्याची आई त्याच्या डाव्या हातावर मारायची, म्हणून चारचौघांत तो सगळं उजव्या हातानं करायचा. जेवायचा उजव्यानं, दरबारात पटाशीसुद्धा धरली उजव्यानं. पण रानात, नेम धरताना, हात आपोआप डावा पुढे यायचा. ते धाकूला काय माहीत? आणि डाव्या खांद्याला बंदूक लावली की कुठली बाजू गालाला टेकते? उजवी! नक्षीची!

घराण्यात कुणी केली नव्हती ती चूक त्यानं केली होती. हरीण राजाच्या गालाखाली दाबलं होतं. लेकही जाणार आणि मानही जाणार, असं त्याला वाटलं.

राजानं नेम धरला. गालाला ऊब लागली. त्याला वाटलं, उन्हाची असेल. त्यानं गाल पुसला आणि परत नेम धरला. आता गालावर श्वास लागला, ओला ओला, वासराचा लागतो तसा. राजा दचकला. इकडे तिकडे बघितलं, गालाजवळ कुणी नाही. मग त्यानं दात आवळले, तिसऱ्यांदा नेम धरला. आणि त्याच्या गालाला पापणी लागली. लवलव, लवलव. त्यानं स्वतः उघडलेला डोळा मिटत होता, उघडत होता, आणि त्यातनं पाणी येत होतं. लाकडाच्या आत धडधड, धडधड चाललेली.

समोर हरीण उभं होतं. राजानं त्याच्याकडे बघितलं. मग दस्त्याकडे बघितलं.

राजानं बंदूक गवतावर ठेवली. "नाही जमत मला," म्हणाला.

झालं! टिळा गेला, ठिपके गेले, आणि ओढ्याच्या काठी शेवंती उभी. तोंडात अजून गवताची काडी. ती थुंकून टाकली आणि पहिला प्रश्न काय विचारावा पोरीनं? "बाबा, पटाशीला मूठ बसवलीत का?"

हुश्श! धाकूनं तिला जी मिठी मारली, ती सुटता सुटेना. आणि सोडवणार तरी कोण? शिपाईही डोळे पुसत होते.

मग धाकूनं राजाचे पाय धरले. म्हणाला, "महाराज, गालाच्या बाजूला नक्षी आली. आपण डावरे, हे मला ठाऊक नव्हतं. चूक झाली."

राजा म्हणाला, "मीच लपवलं, तर तुला कसं कळणार? बरं झालं लपवलं." आणि पोट धरून हसला. तेव्हापासून तो जेवण सोडून बाकी सगळं डाव्या हातानं करायला लागला, आणि कुणाची काय बिशाद त्याला बोलायची. कुंदे, ऐकलंस ना? उद्या आई पाटीवरून ओरडली तर माझं नाव सांग.

घरी भागूनं लेकीला बघितलं आणि हातातली परात तशीच सोडली. मग आधी पोटभर रडली, मग पोटभर ओरडली, आणि मग गरम गरम भात वाढला. दुसऱ्या दिवशी तिघांनी देवराईच्या कडेला एक रोप लावलं, मोडलेल्या फांदीच्या बदल्यात. म्हातारी काही दिसली नाही, पण रोप जगलं.

राजानं ती बंदूक परत उचलली नाही. वाड्यात भिंतीला टांगली, नक्षी दिसेल अशी. पण गंमत पुढेच आहे. शिकारीहून परतल्यावर राजानं आरशात बघितलं, तर डाव्या गालावर हरीण उमटलेलं! मान, कान, कानाची चीर, सगळं. त्याच्या आईनं तेल चोळलं, लोणी चोळलं, हळद लावली. जाईना म्हणजे जाईना. शेवटी राजा म्हणाला, राहू दे, मला बरं वाटतं. मग राजाची नातवंडं झोपताना त्या हरणावर हात ठेवायची, आणि राजा गाल हलवून त्याला पळवून दाखवायचा. सगळे मजेत राहिले.

खोटं वाटतं, दिन्या? मग मला सांग, सकाळी उठतोस तेव्हा तुझ्या गालावर उशीची नक्षी असते की नसते? बघ! उठून बघायचं नाही आता, सकाळी बघायचं. टेका गाल. कुंदे, तू डावा टेक. डोळे मिटा. उद्या मी चहा ठेवायच्या आधी येऊन बघणार आहे, कुणाच्या गालावर कोण आलंय ते.