ढोलीत गेला रातांबा

एक होती चिचुंद्री. एवढीशी. नाक मात्र हे लांब. म्हणून तिचं नाव सोंडुली.

सोंडुलीचा धाकटा भाऊ गुंडू. गुंडू खादाड. काल त्याने फणसाचे गरे खाल्ले. एक खाल्ला, दोन खाल्ले, सात खाल्ले. आज बसला पोट धरून. पोट फुगलं ढुम्म.

आई म्हणाली, "सोंडुले, देवराईतून एक रातांबा आण गो. त्याचं आंबट पाणी पाजू. पण बाय, राईतलं काही घ्यायचं तर आधी राखणदाराला विचारायचं."

राखणदार म्हणजे राईची राखण करणारा. तो आहे, पण दिसत नाही.

सोंडुली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. राईत धुकंच धुकं. सकाळ होती, पण उजेड नव्हता. पान हलत नव्हतं. पक्षी बोलत नव्हता. झाडाखाली पडला होता एक रातांबा, कोकमाचं फळ, लालभडक. सोंडुलीने पटकन उचलला. आणि विचारायचं? घाईघाईत पार विसरली.

ठक. ठक. मागे काठी वाजली. सोंडुलीने वळून पाहिलं. कोणी नाही.

सोंडुली दचकली. रातांबा निसटला. गुडुगुडु, गुडुगुडु गेला आणि ढोलीत पडला. धप्प.

ढोली काळी. ढोली खोल.

"ढोलीबाई, ढोलीबाई, रातांबा दे. गुंडूचं दुखणं थांबेना."

ढोली घुमली, "हूंऽऽ. आत काळोख आहे. मला दिसत नाही. काजव्याला लुकलुकायला सांग."

तुरुतुरु, तुरुतुरु. ठक. ठक. मागे कोणी नाही.

काजवा पानाखाली निजला होता.

"काजवेदादा, काजवेदादा, लुकलुक कर. ढोली रातांबा देईना, गुंडूचं दुखणं थांबेना."

काजवा म्हणाला, "माझे पंख ओले झालेत. धुक्याला हलायला सांग."

तुरुतुरु, तुरुतुरु. ठक. ठक. मागे कोणी नाही.

"धुकेकाका, धुकेकाका, हला ना. काजवा लुकलुकेना, ढोली रातांबा देईना, गुंडूचं दुखणं थांबेना."

धुकं बोललं. त्याला तोंड नव्हतं, तरी बोललं. "मी आपला आपण हलत नाही. वाऱ्याला उठायला सांग."

तुरुतुरु, तुरुतुरु. ठक. ठक. मागे कोणी नाही.

वारा बांबूच्या बेटात झोपला होता. बांबू वाजत होते, कर्र कर्र.

"वारेमामा, वारेमामा, उठा ना. धुकं हलेना, काजवा लुकलुकेना, ढोली रातांबा देईना, गुंडूचं दुखणं थांबेना."

वारा झोपेतच म्हणाला, "घंटा वाजल्याशिवाय मी उठत नाही. घंटेला वाजायला सांग."

तुरुतुरु, तुरुतुरु. ठक. ठक. मागे कोणी नाही.

घंटा टांगली होती फांदीला, देवाच्या दगडासमोर.

"घंटामावशी, घंटामावशी, वाज ना. वारा उठेना, धुकं हलेना, काजवा लुकलुकेना, ढोली रातांबा देईना, गुंडूचं दुखणं थांबेना."

घंटा हळूच म्हणाली, "कशी वाजू? माझा लोळा कोणीतरी धरलाय."

सोंडुलीने वर पाहिलं. घंटेचा लोळा थरथरत होता. धरणारा दिसत नव्हता.

ठक. ठक. आता मागे नाही. अगदी शेजारी.

सोंडुलीची गाळण उडाली. पळून जावंसं वाटलं. पण घरी गुंडू कण्हत होता ना. सोंडुली तिथेच उभी राहिली.

धुक्यातून आवाज आला. "विचारलंस?"

सोंडुलीने नाक खाली केलं. खोटं बोलली नाही. "नाही विचारलं. विसरले. राखणदारबाबा, एक रातांबा नेऊ? गुंडूचं पोट दुखतंय."



मग आवाज आला, "ने."

टण्ण. घंटा वाजली, वारा उठला. वारा उठला, धुकं हललं. धुकं हललं, काजव्याचे पंख वाळले. काजवा ढोलीत शिरला, लुक लुक लुक. ढोलीला दिसलं. ढोलीने रातांबा दिला, टुप्प.

तुरुतुरु, तुरुतुरु. ठक. ठक. या वेळी सोंडुलीने वळून पाहिलं नाही. तिला ठाऊक होतं, कोण पोचवायला येतंय. राईच्या कडेपर्यंत काठी वाजली. मग थांबली.

आईने रातांबा पाण्यात कुस्करला. गुंडूने तोंड वाकडं केलं, पण प्याला. पोटात झालं गुर्र. मागून झालं पुऽऽ. सगळे नाक धरून हसले. गुंडूचं पोट उतरलं.

उरली एक बी. सोंडुलीने ती राईत नेली. माती उकरण्याआधी विचारलं, "इथे लावू?"

कोणी दिसलं नाही. पण काठी वाजली. ठक.

बी गेली मातीत, गोष्ट राहिली कानात.