गुणाजीचे जहाजावरचे कपडे

खाडीकाठच्या एका गावात गुणाजी नावाचा एक भोळा मुलगा होता. इतका भोळा, की कुणी ‘जरा बस, आलोच’ म्हटलं, तर तो माणूस मुंबईला जाऊन परत येईपर्यंत हा तिथेच बसून असे.

अशा गुणाजीचं लग्न ठरलं. मुलगी शलाका, काजूच्या कारखान्याचे मालक तात्या परुळेकर यांची एकुलती एक. तात्या हौशी. साखरपुडा गोव्याला जाणाऱ्या मोठ्या जहाजावर करायचा, असं त्यांनी ठरवलं. पण होणाऱ्या जावयाची त्यांना धास्तीच होती.

“तिथे रोज संध्याकाळी लोक नटूनथटून येतात,” त्यांनी लेकीला बजावलं. “ह्याने माझं हसं केलं, तर साखरपुडा रद्द!”

शलाकाला गुणाजी मनापासून आवडला होता. ती बिचारी काळजीत पडली.

पहिल्या संध्याकाळी तिने सांगितलं, “ठेवणीतले कपडे घाला हं.”

गुणाजीने शेरवानी घातली, फेटा बांधला, मोजड्या चढवल्या. तेवढ्यात भोंगा वाजला. जहाज सुटण्याआधी जीव वाचवण्याचा सराव असतो. सगळे केशरी जाकिटं घालून रांगेत उभे, आणि मध्येच हा नवरदेव!

अधिकारी ओरडला, “अहो, भोंगा वाजला की कपाटातलं केशरी जाकीट घालून यायचं!”

“चुकलो,” गुणाजी म्हणाला. “आता लक्षात ठेवीन.”

आणि त्याने खरंच लक्षात ठेवलं. जरा वेळाने जहाज सुटलं. सुटताना भोंगा वाजवतातच. गुणाजी कप्तानाच्या मेजवानीला केशरी जाकीट घालून हजर. जाकीट पुढून एवढं फुगलेलं, की त्याला समोरचं ताट दिसेना. सूप सगळं जाकिटाला लटकणाऱ्या शिट्टीत गेलं.

शेजारच्या बाई घाबरल्या. “अहो, जहाज बुडतंय की काय?”

“मला अजून कुणी सांगितलं नाही,” गुणाजी म्हणाला.

अर्धी पंगत जाकिटं आणायला पळाली. तात्या लालबुंद झाले. शलाकाने गुणाजीला बाजूला घेतलं. “अहो, खायला जायचं तर काळा कोट, टाय आणि पॉलिश केलेले बूट. एवढं ध्यानात ठेवा!”

“ठेवलं.”

दुसऱ्या संध्याकाळी वरच्या डेकवर, पोहण्याच्या तलावाकाठी पार्टी होती. गुणाजीने आधी चौकशी केली, “खायला आहे का?”

“भजी आहेत,” कुणीतरी सांगितलं.

मग काय, काळा कोट, टाय आणि बूट! आता ह्यात त्याचं काय चुकलं, तुम्हीच सांगा. भज्यांची ताटं पाण्यात तरंगत होती. गुणाजी पायऱ्या उतरून गळाभर पाण्यात गेला आणि टाय नीट करून भजी खाऊ लागला. बुटांचं पॉलिश तलावभर पसरलं.

तलावाच्या राखणदाराने कपाळावर हात मारला. “साहेब, पाण्याजवळ यायचं तर चड्डीवर!”

“समुद्राजवळसुद्धा?”

“पाणी म्हटलं की चड्डी! पण उडी मारायची ती ह्या तलावातच. दुसरीकडे कुठेही नाही!”

तात्या दात-ओठ खात म्हणाले, “शलाका, आता शेवटची संधी.”

तिसऱ्या संध्याकाळी साखरपुडा. त्याच डेकवर सनई लागली. पाहुणे शालू-पैठण्या नेसून, सूट घालून बसले. शलाकाने सकाळीच गुणाजीला शेरवानी काढून दिली होती. पण निघताना त्याने खिडकीतून बाहेर पाहिलं. चारी बाजूंनी पाणीच पाणी!

गुणाजी आला. कपाळाला कुंकू, हातात नारळ आणि अंगात पट्ट्यापट्ट्यांची चड्डी. सनईवाल्याचा श्वासच अडकला.

“अरे, हाताला लागेल ते गुंडाळ!” तात्या किंचाळले.

हाताला लागलं टेबलावरचं कापड. गुणाजीने ते हिसकलं. पेढे उडाले, हार उडाले, अंगठी डबीतून निसटली आणि घरंगळत कठड्याखालून थेट समुद्रात!

“माझी अंगठी!” शलाका कळवळली. “आणा हो कुणीतरी!”

गुणाजी एक क्षण थांबला नाही. धावत आला, नाक धरलं आणि धाडकन उडी मारली.

तलावात.

पाहुणे हसून हसून खुर्च्यांवरून घसरले. तात्या ताडकन उभे राहिले. “संपलं! हे लग्न मोडलं!”

“का मोडलं?” शलाकाही डोळे पुसत हसत होती. “माझ्या हाकेला एवढे सूटवाले बसून राहिले. उडी ह्यांनीच मारली ना?”

“अगं, कुठे मारली ते बघ तरी!”

“कुठे का असेना. मला हेच हवेत, तात्या.”

तात्यांनी लेकीपुढे हात टेकले. मग गुडघे दुमडून तलावाकाठी बसले आणि खोल आवाजात म्हणाले, “जावईबापू, बाहेर या. अंगठी समुद्रात पडलीय हो.”

गुणाजी पाण्यातून वर आला. धापा टाकत होता, पण चेहरा आनंदाने फुललेला. त्याने हातातलं भलं मोठं रबरी बूच तात्यांना दाखवलं.

“काळजी नको, तात्या! समुद्राचं बूच काढलंय. पाणी ओसरलं की अंगठी दिसेलच!”