पट्ट्यांची भिंत आणि अर्धं ब्लेड

बाजारतळाच्या मागच्या गल्लीत सारिका नावाची एक सून राहत होती. घरात ती, तिचा नवरा, सासूबाई आणि सव्वा वर्षाची तेजू, एवढीच माणसं. तेजू नुकती पावलं टाकायला लागली होती. जमिनीवर दिसेल ते उचलायचं आणि तोंडात घालायचं, हा तिचा उद्योग. बटण असो, खडा असो, मेलेली मुंगी असो, तिला सगळं चालायचं. सारिकाचा जीव दिवसभर टांगणीला. ती चार वेळा घर झाडायची आणि झाडून झालं की गुडघ्यावर बसून हाताने फरशी चाचपायची.

संक्रांत झाली. रविवारी तेजूचं बोरन्हाण करायचं ठरलं. लेकीला काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवायचं, डोक्यावरून बोरं-चुरमुरे ओतायचे, तर पाठीमागची भिंत नीट नको का? सारिकाने नणंदेच्या घरी पट्ट्यांची भिंत पाहिली होती. एक पट्टा पिवळा, एक पांढरा. तशीच आपली करायची असं तिने मनात घेतलं. नवरा म्हणाला, "रंगारी नको, तुला जमेल तसं कर." तिने पदर खोचला.

भिंतीला आधी पांढरा हात दिला. तो वाळल्यावर निळीच्या दोरीने सरळ रेघा पाडल्या आणि रेघांवर चिकटपट्टी लावली. मधल्या जागेत पिवळा रंग भरायचा होता. रंगाच्या दुकानदाराने बजावून सांगितलं होतं, "वहिनी, रंग ओला आहे तोवर चिकटपट्टी ओढायची. वाळू दिला तर पट्टीबरोबर पोपडाच हातात येईल."

शनिवारी सकाळी सातही पट्टे रंगवून झाले. चिकटपट्टी कापायला तिने दाढीचं अर्धं ब्लेड घेतलं होतं. ते आता ठेवायचं कुठे? खिडकीत ठेवलं तर पडेल. फळीवर ठेवलं तर सासूबाईंचा हात लागेल. सुक्या कचऱ्याची बादली दारातच असायची आणि तेजू ती रोज एकदा तरी पालथी करायची. ओल्या कचऱ्याच्या बादलीला मात्र घट्ट झाकण होतं. सारिकाने ब्लेड कागदात गुंडाळलं आणि चहाचा चोथा, डाळिंबाची सालं, काल उरलेला भात या सगळ्याच्या खाली, अगदी तळाशी नेऊन दाबलं. मग हात धुतले; बोटांवरचा पिवळा रंग तेवढा राहिला. तिला फार बरं वाटलं.

तेवढ्यात घंटागाडी वाजली.

"सारिका, पळ!" सासूबाई ओरडल्या. "काल चुकली तर दिवसभर बादलीने घर घाण केलं. थांबायला ती गाडी काय तुझ्या माहेरची आहे?"

गाडीच्या मागून झुंबरबाई चालायची. पन्नाशीची, काटक बाई. गल्लीतला कचरा गाडीत घ्यायचा आणि मग ओढ्यापलीकडच्या खतखड्ड्यावर जाऊन निवडायचा, हे तिचं काम. सुक्यात काच-पत्रा असणार हे तिला ठाऊक असायचं, म्हणून सुका कचरा ती आकडीने उचलायची. ओल्यात मात्र हात घालायची. शितं आणि प्लॅस्टिकचे तुकडे काही आकडीने वेगळे होत नाहीत.

"ओलाच ना गं?" झुंबरबाईने बादली घेत विचारलं.

"ओलाच."

"काच, टाचणी काही नाही ना? काल खालच्या आळीतून फुटकी बशी निघाली."

सारिका थांबली. सांगितलं तर झुंबरबाई बादली परत देणार. म्हणजे ब्लेड पुन्हा घरात, आणि घरात तेजू. शिवाय तो सगळा चिकट गाळ उपसून ते शोधायचं, तोवर भिंतीवरचा रंग वाळून जायचा.

"नाही हो मावशी," ती म्हणाली.

"बरं. आणि हात गं कशाने पिवळे? लगीन आहे का घरात?"

"लेकीचं बोरन्हाण आहे उद्या."

"मग औक्ष मोठं होवो तिचं," असं म्हणून झुंबरबाईने बादली गाडीत उपडी केली.

ही शेवटचीच गल्ली होती; गाडी ओढ्याकडे वळली. सारिका आत आली आणि चिकटपट्टी ओढायला बसली. पहिला पट्टा सुरीने कापल्यासारखा स्वच्छ निघाला. दुसराही तसाच. कागदाच्या तीन घड्या घातल्यात, काही होत नाही, असं ती स्वतःला सांगत होती. तिसरा पट्टा निघाला. इतक्यात तेजूने रंगाच्या डब्यात हात घातला आणि तो ऐटीत आईपुढे धरला.

सारिकाने ओलं फडकं घेतलं. करंगळी पुसली. अंगठा पुसला. मधलं बोट पुसताना तिचा हात थांबला. एवढीशी बोटं सांभाळण्यासाठी आपण काय केलं, ते तिला तेव्हा दिसलं.

"आत्याबाई, हिला धरा!" तिने सासूबाईंना हाक मारली.

"अगं, आणि त्या पट्ट्या? वाळतील ना!"

"वाळू द्या."

ती तशीच पळाली. बाजारतळ, ओढा, पुढचा चढ. रंगाचे हात, पायात चप्पल नाही. पण तीन पट्ट्यांचा उशीर झाला होता.

झुंबरबाई खड्ड्याच्या कडेला मटकन बसली होती. उजव्या हाताला पदर गुंडाळला होता आणि पदर लाल झाला होता. शेजारी ओला कागद पडला होता. त्याच्या घड्या केव्हाच सुटल्या होत्या.

"मावशी, ते ब्लेड माझं," सारिका धापा टाकत म्हणाली. "माझी पोर सगळं तोंडात घालते हो. तिला सापडू नये म्हणून खाली लपवलं मी."

झुंबरबाईने तिच्याकडे पाहिलं. "पोरीला सापडू नये म्हणून लपवलंस, ते बरोबर केलंस. पण मी विचारलं तर होतं ना? माझ्यापासून कशापायी लपवलंस?"

सारिकाने तिचा चांगला हात आपल्या खांद्यावर घेतला. तिने झुंबरबाईला धरून दवाखान्यात नेलं. पाच टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. डॉक्टर म्हणाले, "बोट वाकवणारी नस कापली आहे. जखम भरेल. बोट पहिल्यासारखं मिटेल की नाही, आज सांगता येत नाही. महिनाभर या हाताला काम नाही."

"महिनाभर?" झुंबरबाई पहिल्यांदा घाबरली. "मग माझी जागा जाते की हो. मुकादम दुसरी बाई लावणार."

सारिका तिथूनच मुकादमाकडे गेली. म्हणाली, "महिनाभर त्यांच्या जागी मी येते. हजेरी त्यांच्याच नावावर लागू द्या."

मुकादम हसला. "तुम्ही? नाक धरून दोन दिवसांत पळाल."

"पळाले तर लावा दुसरी बाई."

घरी सासूबाई कडाडल्या. "आपल्या घरची सून कचरा निवडणार? गल्ली काय म्हणेल?"

"काय म्हणायचं ते म्हणू दे," सारिका म्हणाली. "मावशींना मी तोंडावर खोटं बोलले, तेव्हा गल्लीची लाज कुठे वाटली मला?"

सासूबाईंनी तेजूला कडेवर घेतलं. मग म्हणाल्या, "तेजूला मी सांभाळीन. पण खाऊन जात जा."

रविवारी बोरन्हाण झालं. भिंतीवर तीन पट्टे सरळ होते. बाकीचे चार वाळले होते, त्यांचे पोपडे निघून भिंत कोड फुटल्यासारखी झाली होती. आलेल्या बायका विचारायच्या, "हे असं गं काय?" सारिका काही न लपवता सांगायची. ऐकून प्रत्येकीला आपापली बादली आठवायची.

सोमवारी सकाळी गाडीमागून घरोघर फिरून सारिका खतखड्ड्यावर उभी राहिली. काम दाखवायला झुंबरबाई आली होती, हात गळ्यात बांधलेला. समोर गावाच्या ओल्या कचऱ्याचा ढीग होता. सारिका वाकली, पण हात पुढे जाईना. कोणत्या सालाखाली काय असेल? कुणाच्या घरात रांगतं मूल असेल, आणि कुणी काय तळाशी दाबलं असेल?

"मावशी, भीती वाटते हो. यात काही नाही कशावरून?"

"घरोघर विचारलंय ना आपण? नाही म्हणालेत सगळे," झुंबरबाई म्हणाली. "त्या शब्दावरच हात घालायचा असतो, पोरी. मी वीस वर्षं तसाच घातला."

सारिकाने डोळे मिटले आणि हात घातला.

महिन्याने झुंबरबाई कामावर परत आली. जागा टिकली. बोट मात्र काही मिटलं नाही.

तात्पर्य: आपल्या लेकराच्या वाटेतला काटा उचलावा जरूर, पण तो दुसऱ्याच्या वाटेत लपवू नये, आणि कुणी विचारलं तर खरं सांगावं, कारण आपल्या एका शब्दावर दुसऱ्याचा हात अवलंबून असतो.