दाराबाहेरचा श्रोता

बर्फाच्या डोंगरांच्या कुशीत देवदारांचे एक दाट जंगल होते. तिथे दोन मोठ्या खडकांखालच्या बिळात एक सशीण आपल्या चार पिल्लांसह राहत असे. थंडी सुरू झाली की तिकडे इतका बर्फ पडे, की झाडांच्या खालच्या फांद्याही त्यात गडप होत. खाण्याची सशिणीला चिंता नव्हती. वाळलेले गवत आणि मुळे तिने भरपूर साठवली होती. चिंता होती ती पिल्लांची. मुलांनो, तुम्हीच सांगा, चार चुळबुळी पिल्ले दिवसचे दिवस एका बिळात कशी बसणार? एक दुसऱ्याचे कान ओढी, दुसरे तिसऱ्याच्या अंगावर उडी मारी, आणि सर्वांत धाकटे तर सारखे दाराशी जाऊन नाक बाहेर काढी.

त्या हिवाळ्यात वर शिकार मिळेनाशी झाली, म्हणून कड्यांवरचा एक बिबट्या खाली उतरला. त्याचा रंगच बर्फासारखा पांढुरका. समोर बसला तरी दिसू नये असा. सशांचा वास त्याला लागला, पण खडकांमधली फट इतकी अरुंद, की पंजा कसाबसा कोपरापर्यंत आत जाई. बिबट्या बळकट होता, तसाच धूर्तही होता. आवाज मऊ करून तो म्हणाला, "बाळांनो, मी पलीकडच्या उतारावरचा कस्तुरीमृग. बाहेर काय छान घसरगुंडी झाली आहे! या की खेळायला."

पिल्लांचे कान ताठ झाले. सशीण मात्र सावध झाली. कस्तुरीमृग फार भित्रा असतो, कुणाच्या दाराशी येऊन तो हाका मारत नाही, हे तिला ठाऊक होते.

"कुणी हलायचं नाही," ती कुजबुजली. "तो कस्तुरीमृग नाही."

"पण आई, किती गोड बोलतात ते काका!" असे म्हणत धाकटे दाराकडे सरकलेसुद्धा. सशिणीने त्याला ओढून आणले, तोवर थोरले निघाले. थोरल्याला धरले, तर मधली दोघे उठली. तिचे पंजे दोनच. चौघांना ती किती वेळ आवरणार? आणि ओरडावे, तर घाबरून एखादे नेमके बाहेरच धावायचे.

सशिणीने क्षणभर विचार केला. मग तिने कोपऱ्यातून भूर्जवृक्षाच्या सालींची जुडी काढली. शेजारच्या म्हाताऱ्या साळिंदराने त्या सालींवर आपल्या काट्याने गोष्टी कोरून दिल्या होत्या. बर्फात घरी अडकून पिल्ले कंटाळली, की वाचून दाखवू, म्हणून तिने त्या जपून ठेवल्या होत्या. "एक होतं पाणमांजराचं पिल्लू," ती वाचू लागली. "आपली नदी जाते तरी कुठे, ते बघायला ते एकटंच निघालं..." आणि गंमत पाहा, तिने आवाज चढवला नाही, उलट अगदी हळू केला. ज्याला ऐकायचे, त्याला जवळ यावेच लागे. आधी थोरले आले. मग मधली दोघे येऊन तिला चिकटली. धाकटे अजून दाराशीच होते, पण त्याचा एक कान आत वळला होता.

"अरे बाळा, इथे लाल लाल गोड फळंही आहेत!" बिबट्याने बाहेरून साखर पेरली. धाकट्याने एक पाय पुढे टाकला. नेमके तेव्हाच गोष्टीतले पिल्लू धबधब्याच्या टोकाशी पोचले होते. सशीण जराशी थांबली.

"मग? पडलं का ते?" धाकट्याने विचारले.

"इथे लिहिलंय," सशीण म्हणाली. "ये, बघ."

धाकटे धावत येऊन तिच्या कुशीत शिरले. बाहेरून पुन्हा हाक आली, तेव्हा तेच ओरडले, "थांबा हो काका! ते धबधब्यात अडकलंय!"

सशीण वाचत राहिली. घसा कोरडा पडला, फटीतून येणारा उजेड मंदावला, तरी ती वाचतच राहिली. बाहेरच्या हाका कमी झाल्या, मग थांबल्या. पिल्ले कधी कंटाळतात, हे ऐकायला बिबट्या आधी फटीला कान लावून बसला होता. पण ऐकता ऐकता त्या पाणमांजरामागोमाग तोही नदीकाठाने कधी चालू लागला, ते त्याचे त्यालाच कळले नाही. आता गोष्टीतले पिल्लू एका गोठलेल्या तळ्यात अडकले होते. वर जाड बर्फ आणि श्वास संपत आलेला. सशीण साल उलटायला थांबली. चारही पिल्ले डोळे विस्फारून बसली. तेवढ्यात दाराबाहेर एक खरखरीत आवाज गुरगुरला, "मग? वाचलं का ते?"

हा आवाज कस्तुरीमृगाचा नव्हे, हे आता कोणी सांगायला नको होते. फटीतून एक मोठा राखाडी डोळा आत पाहत होता. थोरल्याने मधल्या दोघांना मागे ओढले. धाकटे आईच्या पोटाखाली दडले. बिबट्याच्याही ध्यानात आले, की आपले सोंग उघडे पडले. आता ही पिल्ले काही केल्या बाहेर यायची नाहीत.

सशिणीने त्या डोळ्याला डोळा भिडवला. "वाचलं," ती म्हणाली. "त्याची आई वरून बर्फ फोडत होती."

बिबट्याने फटीवरून डोळा मागे घेतला. मग म्हणाला, "मानलं तुला, सशिणी. कड्यांवर माझ्यापुढे कुणाचं काही चालत नाही. तू मात्र मला उपाशीपोटी दिवसभर बर्फात बसवून ठेवलंस, आणि मला उठावंसंही वाटलं नाही." अंगावरचा बर्फ झटकून तो चढणीच्या वाटेने निघून गेला.

मग आईच्या पोटाखालून धाकट्याचा बारीक आवाज आला, "आई, उरलेलं वाच ना." पण सशिणीचा घसा पार बसला होता. तिने पुढची साल धाकट्याच्या समोर धरली आणि पहिल्या अक्षरावर पंजा ठेवला. बाहेर बर्फ पडतच राहिला. आत धाकटे अडखळत, आईला एकेक अक्षर विचारत वाचू लागले, आणि त्याची तिन्ही भावंडे कान टवकारून ऐकू लागली.

तात्पर्य : ज्याला चांगल्या गोष्टीची गोडी लागली, तो नुसत्या गोड बोलण्याला भुलत नाही.