दवंडीवाल्याचे मौन

पूर्वी कुमुदपूर नगरीवर सुबाहू राजाचे राज्य होते. त्या काळी बोधिसत्त्व एका रक्षकाच्या घरी जन्मला आणि पुढे नगररक्षकांचा नायक झाला. रक्षकांना तो स्वतः शिकवी. काठी कशी धरावी, गर्दीत वाट कशी काढावी, चोराच्या हातातली सुरी पाडायची तर मनगटावर नेमके कुठे मारावे, हे सगळे तो उभा राहून करून दाखवी. त्याचा आवाज मऊ होता आणि हात कठीण होता. रक्षक त्याला मनापासून मानत.

त्यातही पिंगल नावाच्या तरुण रक्षकावर त्याचा विशेष जीव. पिंगलचा बाप बोधिसत्त्वाचा सोबती होता. सीमेवरच्या ठाण्यात दोघे एका ताटात जेवत. एका पुरात लोकांना बाहेर काढता काढता बाप वाहून गेला आणि तेव्हापासून बोधिसत्त्वाने त्या पोराला आपले मानले. पिंगल त्या ठाण्यातच लहानाचा मोठा झाला होता. बोधिसत्त्वाने त्याला नुकतेच नगरात आणून पूर्वेच्या वेशीवर नेमले होते. पोरगा आला की नायकाच्या घरी खीर होई, एवढे सांगितले की पुरे.

या नगरात घोषक नावाचा दवंडीवाला होता. राजाची आज्ञा असो, कुणाची गाय हरवलेली असो, कुणाच्या घरी बारसे असो, घोषक गळ्यात ढोल अडकवून गल्लोगल्ली फिरे आणि ‘ऐका हो ऐका’ म्हणून सांगे. ढोल वाजला तरच बातमी खरी, अशी तिथली रीतच होती. घोषकाच्या तोंडाला खळ नसे. दवंडी दोन वाक्यांची असली तरी तो तिला मीठमिरची लावून चार घटका पुरवी. मात्र दर पौर्णिमेला तो नगराबाहेरच्या आमराईत श्रमणांकडे जाई, दिवसभर उपास करी आणि दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयापर्यंत मौन पाळी. लोक हसून म्हणत, ‘‘देवांनाही महिन्यातून एक दिवस विश्रांती हवी ना!’’ त्याची बायको रेवती म्हणे, ‘‘देवांचं राहू द्या, मला मिळते तेवढी बास.’’

अशाच एका पौर्णिमेला, दिवस कलताना, घोषक आमराईतून परतत होता. ढोल फडक्यात गुंडाळून त्याने काखेत घेतला होता. त्या दिवसांत नगरात चोऱ्या होत होत्या आणि मोठे बोचके दिसले की अडवा, असा हुकूम होता. वेशीवर पिंगलने त्याला अडवले.

‘‘कोण?’’

घोषकाने हसून ओठांवर बोट ठेवले. कुमुदपुरात शेंबड्या पोरालाही त्याचा अर्थ कळला असता. पण पिंगल सीमेवरचा. तिथे ‘कोण?’ या प्रश्नाला उत्तर आले नाही, तर समोरचा शत्रू असतो.

‘‘कोण तू? फडक्यात काय आहे?’’

घोषकाने पुन्हा ओठांवर बोट ठेवले आणि पुन्हा हसला. पिंगलला वाटले, हा आपली थट्टा करतो आहे. त्याने काठी उचलली आणि घोषकाच्या उजव्या मनगटावर मारली. ढोल खाली पडून घरंगळत गेला. बाजारातून परतणाऱ्या बायका ओरडल्या, ‘‘अरे, मारू नको! दवंडीवाला आहे तो! आज त्याचं मौन असतं!’’

पिंगलने ते ऐकले. ऐकले, आणि तरीही दुसऱ्यांदा मारले.

घोषक मातीत बसला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, पण तोंडातून शब्द आला नाही. हाड मोडले तरी त्याने व्रत मोडले नाही.

वेशीवरच्या रक्षकांनी ढोल उचलून ठाण्यात ठेवला आणि पिंगलला आत घेतले. एक जुना रक्षक म्हणाला, ‘‘आपलेच दात, आपलेच ओठ. दवंडीवाला वेशीच्या पायऱ्यांवरून पडला, समजलं?’’ सगळ्यांनी माना डोलावल्या. पिंगलनेही डोलावली. रात्री बोधिसत्त्वापर्यंत बातमी पोचली ती हीच.

सूर्य उगवला, व्रत संपले, तरी घोषकाने तोंड उघडले नाही. बोधिसत्त्व त्याला पाहायला गेला. वैद्याने हाताला बांबूच्या कामट्या बांधल्या होत्या. कामट्यांच्या फटीतून काळानिळा डाग दिसत होता, अर्धचंद्राच्या आकाराचा, काठीच्या लोखंडी टोकाचा. त्याच्या शेजारी तसाच दुसरा. बोधिसत्त्वाने वाकून ते डाग पाहिले. मनगटावर नेमकी ती जागा त्यानेच शिकवली होती.

रेवती म्हणाली, ‘‘नायक, तुमची माणसं म्हणतात, हा पायऱ्यांवरून पडला. वेशीच्या पायऱ्या किती उंच आहेत ते तुम्हालाही ठाऊक आहे. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का?’’

‘‘नाही राहत,’’ बोधिसत्त्व म्हणाला.

‘‘मग ज्या तोंडानं खोटं सांगितलं, त्याच तोंडानं खरं सांगावं. आणि ढोलावर सांगावं. दुसरं मला काही नको.’’

बाहेर लोक जमले होते. तरुणांच्या हातात दगड होते. कुणी म्हणे ठाणे जाळू, कुणी म्हणे त्या पोराचा हात मोडू. रेवती उंबऱ्यात आली. तिने सगळ्यांकडे पाहिले आणि ओठांवर बोट ठेवले. आधी कुणाला कळेना. मग एका तरुणाने हातातला दगड खाली टाकला आणि स्वतःच्या ओठांवर बोट ठेवले. मग दुसऱ्याने. दुपारपर्यंत अवघे कुमुदपूर मुके झाले.

ही गोष्ट ऐकायला सोपी वाटते, पण त्या बोलघेवड्या नगराला ती किती जड गेली ते त्यांनाच ठाऊक. भाजीवाल्या बायका भाजी पुढे करून नुसत्या बघत बसल्या. शेजारणींची ऐन रंगात आलेली भांडणे अर्ध्यावर राहिली आणि त्या एकमेकींकडे नुसते डोळे वटारू लागल्या. आया पोरांना चिमटे काढून गप्प करीत. सबंध बाजारात एक पिंजऱ्यातला पोपट तेवढा बोलत होता, तर त्याच्यावरही कुणीतरी फडके टाकले.

रक्षकांची मात्र गाळण उडाली. वेशीवर ते ‘कोण?’ म्हणून विचारत आणि येणारा प्रत्येक जण, म्हातारा असो की लेकुरवाळी, ओठांवर बोट ठेवून हसे. आता किती जणांची मनगटे मोडणार? ज्या घरांतून रक्षकांना आळीपाळीने जेवण मिळे, तिथे आजही पान वाढले जाई, वर तूपही पडे. पण ‘घ्या’ असे कुणी म्हणेना. ते मुके पान अर्धेच टाकून ते उठत.

राजाने दरबार भरवला. अमात्य कर्दम म्हणाला, ‘‘महाराज, झाकली मूठ सव्वा लाखाची. रक्षकाची मान खाली गेली की चोराची वर होते. तो मनुष्य पायऱ्यांवरून पडला अशी दवंडी द्यावी आणि विषय संपवावा.’’

‘‘दवंडी कोण देणार?’’ राजाने विचारले.

दवंडी देणारा खाटेवर पडला होता. दुसऱ्या कुणाला पाठवले असते, तर ऐकणाऱ्यांनी दारे लावून घेतली असती.

राजा बोधिसत्त्वाकडे वळला. ‘‘नायक, तो तुमचा माणूस. तुम्ही काय म्हणता?’’

सगळ्यांना ठाऊक होते की पिंगल त्याच्या काळजाचा तुकडा आहे. बोधिसत्त्व म्हणाला, ‘‘महाराज, पिंगलनं त्याला मारलं. मी डाग पाहिले आहेत. आमच्या काठीला चोरानं भ्यावं म्हणून लोक ती आमच्या हातात देतात. लोकच तिला भिऊ लागले, तर ती परत मागायचा त्यांना हक्क आहे. मला संध्याकाळपर्यंत वेळ द्या. हुकूम दिला तर तो खरं बोलेलही, पण मला त्याच्या मनातून ते यायला हवं आहे.’’

तो ठाण्यात गेला. पिंगल कोपऱ्यात गुडघ्यांत डोके घालून बसला होता. समोर घोषकाचा ढोल होता. बोधिसत्त्व त्याच्याशेजारी जमिनीवर बसला आणि लहानपणी थोपटायचा तशी त्याची पाठ थोपटली.

‘‘जेवलास का?’’

पिंगलला रडू कोसळले. ‘‘तात, मला कळलंच नाही. उत्तर दिलं नाही, मला वाटलं...’’

‘‘पहिल्या वेळी कळलं नाही. आणि दुसऱ्या वेळी?’’

डोळे पुसून पिंगल म्हणाला, ‘‘बायका ओरडल्या ते ऐकलं होतं. सगळ्यांसमोर चुकलो असं वाटलं. मग हात थांबेना. तात, हे सगळे मला वाचवायला बघताहेत.’’

‘‘हे तुला वाचवत नाहीत, बाळा. हे तुला त्या दुसऱ्या वारापाशी जन्मभर उभं करताहेत. तुझा बाप लोकांना पाण्यातून काढताना गेला. मी तुला या पाण्यात कसा सोडू?’’

मग बोधिसत्त्वाने स्वतःचे पागोटे काढून खुंटीला अडकवले, काठी भिंतीला टेकवली आणि ढोल उचलून पिंगलच्या गळ्यात घातला. जुना रक्षक आडवा आला. ‘‘नायक, आपल्याच माणसाची धिंड काढणार?’’

‘‘धिंड नाही. मी बरोबर चालणार आहे,’’ बोधिसत्त्व म्हणाला. ‘‘आणि ज्यांनी खोटं रचलंत ते तुम्हीही मागून या.’’

दिवस कलायला आला होता, तसाच, आदल्या दिवसासारखा. वेशीपासून सुरुवात झाली. पिंगलने ढोल बडवला आणि फाटक्या आवाजात म्हणाला, ‘‘ऐका हो ऐका! काल या वेशीवर दवंडीवाला घोषक पडला नाही. मी, पिंगल, रक्षक, मी त्याला मारलं. तो मौनात होता, मला ठाऊक नव्हतं.’’

मग बोधिसत्त्व म्हणाला, ‘‘ऐका हो. तो वार मी शिकवला. विचारल्यावर उत्तराची वाट बघायला मी शिकवलं नाही. माझाही यात वाटा आहे.’’

लोक ऐकत होते, पण कुणी बोलले नाही. दुसऱ्या गल्लीत तेच झाले, तिसरीतही तेच. ओठांवरचे बोट हलेना. पिंगल घामाघूम झाला. त्याने बोधिसत्त्वाकडे पाहिले. बोधिसत्त्व नुसता त्याच्याबरोबर चालत राहिला.

शेवटी ते घोषकाच्या गल्लीत आले. दारात खाटेवर घोषक बसला होता, शेजारी रेवती. मागे सबंध नगर लोटले होते. पिंगलने ढोल वाजवला, तेच शब्द सांगितले आणि थांबला. मग मान खाली घालून म्हणाला, ‘‘ऐका हो ऐका. पहिला वार अजाणता झाला. बायका ओरडल्या, मला कळलं हा कोण ते. त्यानंतर मी दुसरा मारला. हाड दुसऱ्यानं मोडलं. आणि मग मी खोटं बोललो.’’ ते सांगता सांगता त्याचा हात ढोलावर जोरजोरात आदळत होता.

‘‘अरे, हळू!’’

सगळे दचकले. घोषक बोलला होता.

‘‘हळू रे,’’ तो म्हणाला. दोन दिवसांच्या मौनाने त्याचा आवाज घोगरा झाला होता. ‘‘मारायचं नसतं त्याला. त्याला बोलतं करायचं असतं. माझा हात गेला तो गेला, ते मी विसरायचा नाही. पण माझा ढोल फोडू नकोस.’’

पिंगलने ढोल उतरवून त्याच्या पायांशी ठेवला आणि तिथेच कोसळला. रेवतीने आधी डोळे पुसले आणि मग नवऱ्याला म्हणाली, ‘‘सुटलं एकदाचं तोंड. आता आवरा.’’ तेव्हा कुठे त्या गल्लीत हसू फुटले. बघता बघता सगळे नगर एकाच वेळी बोलू लागले, इतके की शेवटी कुणालाच काही ऐकू येईना. झाकलेल्या पोपटावरचे फडकेही कुणीतरी काढले.

दुसऱ्या दिवशी वेशीवरच न्याय झाला. राजाशेजारी गल्ल्यांचे जाणते बसले. पिंगलची काठी कायमची काढून घेतली. घोषकाचे मनगट पुन्हा नीट वळले नाही. म्हणून रोज ढोल वाहून नेणे आणि तो सांगेल तसा वाजवणे, हे पिंगलला लावून दिले. पहिले कितीतरी दिवस घोषक त्याच्याशी कामापुरतेच बोले. ज्याने खरे झाकले, त्यालाच रोज बातमीचा ढोल वाजवावा लागे, यावर नगराने पुष्कळ विनोद केले. खोटे रचणारे रक्षक वर्षभर काठीविना उभे राहिले. त्या दिवसापासून रीत पडली की रक्षकाने कुणावर हात उचलला, तर दुसऱ्या दिवशी त्याच जागी, त्याच रक्षकाने, ढोलावर ते सांगायचे.

बोधिसत्त्वाने नायकपद सोडले. उरलेले आयुष्य तो नव्या पोरांना एकच धडा देत राहिला: ‘कोण?’ म्हणून विचारायचे, आणि मग थांबायचे. पिंगल आला की खीर मात्र पूर्वीसारखीच होई. पुढे पुढे घोषकही येऊ लागला, आणि वाटी पुढे करताना त्याचे तोंड काही बंद नसे.

पुढे बुद्ध झाल्यावर शास्त्यांनी ही कथा जेतवन विहारात सांगितली. विहाराच्या दारावरच्या एका भिक्षूने, हाक मारूनही उत्तर देत नाही म्हणून एका बहिऱ्या म्हाताऱ्या उपासकाला ढकलले होते. इतर भिक्षूंनी ‘तो ठेचाळला’ म्हणून सांगितले होते. कथा संपल्यावर शास्ते म्हणाले, ‘‘तेव्हाचा पिंगल म्हणजे हा दारावरचा भिक्षू. खोटे रचणारे रक्षक म्हणजे त्याचे हे प्रेमळ सोबती. अमात्य कर्दम म्हणजे देवदत्त, राजा म्हणजे सारिपुत्र, रेवती म्हणजे उत्पलवर्णा. बोलका घोषक म्हणजे आपला आनंद, आणि नायक मीच होतो.’’ आनंद हसला. दारावरचा भिक्षू मात्र हसला नाही. तो उठला, त्याचे सोबतीही उठले, आणि सगळे मिळून त्या म्हाताऱ्याच्या घराकडे चालू लागले. शास्ते त्यांच्या पाठमोऱ्या आकृतींकडे मायेने पाहत राहिले आणि म्हणाले, ‘‘भिक्षूंनो, आपल्या माणसावर पांघरूण घालणे हे प्रेम नव्हे. खरे बोलताना त्याच्याबरोबर चालणे हे प्रेम. यालाच मी सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता म्हणतो.’’